डावं वळण

भुतडांच्या काउंटरवर तीन डबे मांडून
मी अर्धा तास उभी.
वीस-पन्नास. पंधरा-पन्नास. दहा-चाळीस.
भाव विचारायचा तर प्रत्येकाला निराळी मान हलते.

आमच्या घरात तेल म्हणजे करडई.
बाबा गिरणीत मुकादम होते,
थेंब दोन बोटांत चोळून सांगायचे
बी कुठल्या शिवारातलं, पोत्यात किती दिवस बसलेलं.
इथं डबा सीलबंद.
आकडे सगळे बाहेरच्या अंगाला.

व्यंकट बिरादार म्हणाला, जाडच टाक ताई,
त्रेचाळीसचं ऊन हाय लातूरचं,
पातळ तेल म्हणजे निस्तं पाणी.
त्याची गाडी माझ्यापेक्षा दोन सेकंदांनी पुढं असते,
म्हणून त्याचं ऐकावंसं वाटतं.

माझी एस्टीम सहा दिवस सज्जन.
डाळ मिलच्या हिशेबाला जाते,
भाचीला शिकवणीच्या दारात सोडते,
गंजगोलाईला वळसा घालते दुसऱ्या गिअरात,
केळीच्या गाड्यांना जपत.
इंजिन नीट तापायच्या आत घर येतं.
आणि रविवारी
पाझर तलावाच्या कोरड्या पोटात,
जुन्या टायरांनी आखलेल्या दीड किलोमीटरवर,
तीच गाडी सहा हजारांवर किंचाळते.

एकच तेल.
ते सकाळच्या पहिल्या किल्लीला वरपर्यंत चढलं पाहिजे
आणि रविवारी दुपारी एकशेतीस अंशांत
बेअरिंगवरून घसरून जाता कामा नये.
असं माणूससुद्धा मिळत नाही.

तिसऱ्या फेरीला, लांब डाव्या वळणावर
डॅशबोर्डवरची लाल झारी पेटते.
एका श्वासापुरती. मग विझते.
मी कोणाला सांगितलं नव्हतं,
औसा रोडच्या मुनीरोद्दीन मिस्त्रींना सोडून.

त्यांनी डब्यांची यादी वाचलीच नाही.
बशीत चहा ओतला
आणि बशी माझ्यासमोर हळूच कलती केली.
चहा एका कडेला चढला,
दुसरीकडं चिनीमाती उघडी, चकचकीत.
'हितं पंप हाय,' करंगळी उघड्या जागी ठेवून म्हणाले,
'वळणावर याला काय भेटलं? वारं.'
'मग जाड टाकू?'
'जाड बी पळतंय, ताई. जरा सावकाश, एवढंच.
तेल वाईट न्हाई. तेल जाग्यावर न्हाई.'

आणि तो चहा पिऊन टाकला.

मग चेंबर खाली उतरवलं,
रॉकेलनं धुतलं,
दोन मिलीचा पत्रा कापून आत आडवे बांध घातले.
खालून तेल झिरपावं, वरून उसळू नये.
वेल्डिंगची ठिणगी पायावर पडली तरी
त्यांनी पाय हलवला नाही.
'आता दहा-चाळीस. पुरं सिंथेटिक.
सील डोळ्यांनी बघून घे, जुन्या डब्यात भरून इकायलेत लोकं.
तीन रविवार झाले की काढून टाकायचं,
काळं झालं नसलं तरी.'

बाबांनी डबा मागून घेतला.
झाकणातला थेंब दोन बोटांत चोळला,
बराच वेळ.
'कशाचं हाय गं हे?'
मी म्हटलं, कशाचंच नाही.
सवयीनं हात मनगटाला पुसायला गेला
तो अर्ध्यात थांबला.
त्यांनी फडकं शोधलं.

रविवारी तलावात धूळ होती, वारा पडलेला.
तिसरी फेरी. डावं वळण.
झारी काळीच राहिली.
मी तिच्याकडंच बघत राहिले
आणि कडेचा टायर उडवला.

पाच सेकंद दंड.
व्यंकट बांधावरून ओरडून विचारत होता,
कंचं टाकलंस?